न कळलेले आणि न कळणारे

प्रस्तावना

एखादी गोष्ट कळत नाही, असा अनुभव प्रत्येकाला येतो. बँकेचा अर्ज पुन्हा पुन्हा वाचूनही त्यातला अर्थ लागत नाही. नेहमी हसतमुख असणारा शेजारी एकाएकी बोलेनासा होतो आणि कारण उमगत नाही. जवळचे माणूस अकाली जाते आणि 'असे का व्हावे?' या प्रश्नाला उत्तर सापडत नाही. या तीनही प्रसंगी 'कळत नाही' हेच शब्द ओठांवर येतात, परंतु तिन्ही ठिकाणचे न कळणे सारखे नसते. अर्ज कोणी समजावून दिला तर कळेल. शेजाऱ्याचे मन त्याच्याशी बोलल्यावर कदाचित कळेल. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र कोणाकडेच नसेल.

बुद्धीच्या पकडीत न येणाऱ्या गोष्टींसाठी मराठीत 'अनाकलनीय' हा भारदस्त शब्द आहे. प्रस्तुत पाठात या शब्दाची घडण, त्याचे जवळचे शब्द आणि त्याचा नेमका वापर यांचा परिचय करून घ्यायचा आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही
• 'अनाकलनीय' या शब्दाची फोड करून अर्थ सांगू शकाल;
• 'अज्ञात' आणि 'अज्ञेय' यांसारख्या शब्दजोड्यांमधील फरक ओळखू शकाल;
• अगम्य, अतर्क्य, दुर्बोध, गूढ इत्यादी शब्द योग्य ठिकाणी वापरू शकाल;
• न कळलेली गोष्ट आणि न कळणारी गोष्ट यांत भेद करणे का आवश्यक आहे, हे स्पष्ट करू शकाल.

१. शब्दाची घडण

'अनाकलनीय' या शब्दाचे तीन भाग पडतात : अन् + आकलन + ईय. 'आकलन' हा शब्द संस्कृतातील 'आ' हा उपसर्ग आणि 'कल्' हा धातू यांपासून तयार झाला आहे. धरणे, पकडणे, बांधणे हा त्याचा जुना अर्थ होय. हाताने वस्तू धरावी तसा बुद्धीने विषय धरणे, म्हणजे आकलन. याच कुळातील 'आकळणे' हे क्रियापद मराठीत आहे. जुन्या मराठीत त्याचा अर्थ आवरणे, ताब्यात आणणे असाही होत असे. आज 'मला हे आकळले नाही' असे म्हणताना आपण कळण्याविषयी बोलत असतो, पण शब्दाच्या मुळाशी मूठ आवळल्याचे चित्र आहे.

संस्कृत व्याकरणाप्रमाणे पाहिले तर येथे 'अनीय' हा प्रत्यय आहे. स्मरणीय, दर्शनीय, वंदनीय या शब्दांत तोच दिसतो. 'अमुक करण्यास योग्य' किंवा 'अमुक करता येण्यासारखे' असा अर्थ तो देतो. आकलनीय म्हणजे बुद्धीने धरता येण्यासारखे. त्याआधी नकार आला की 'धरता न येण्यासारखे' असा अर्थ होतो.

नकारदर्शक 'अ' हा व्यंजनापूर्वी 'अ'च राहतो : अयोग्य, अज्ञान, अशक्य. स्वरापूर्वी मात्र त्याचे 'अन्' होते : अनादर, अनिच्छा, अनावश्यक. 'आकलनीय' हा शब्द स्वराने सुरू होतो, म्हणून 'अनाकलनीय'. लिहिताना 'नी' नेहमी दीर्घ असावा. 'अनाकलनिय' हे लेखन अशुद्ध आहे. लिंग व वचन बदलले तरी या विशेषणाचे रूप बदलत नाही : अनाकलनीय निर्णय, अनाकलनीय घटना, अनाकलनीय वागणे.

२. 'त' आणि 'य' यांचा भेद

आता शब्दांच्या पुढील जोड्या लक्षपूर्वक वाचा.

अज्ञात – अज्ञेय
अकथित – अकथनीय
अवर्णित – अवर्णनीय
अतर्कित – अतर्क्य

डावीकडील शब्द 'त' या अक्षराने संपतात. ते झालेल्या किंवा न झालेल्या क्रियेविषयी सांगतात. अज्ञात म्हणजे अजून न जाणलेले. अकथित म्हणजे कोणी न सांगितलेले. उजवीकडील शब्द 'य' किंवा 'अनीय' या प्रत्ययांनी बनले आहेत. ते शक्यतेविषयी सांगतात. अज्ञेय म्हणजे जाणता न येणारे. अकथनीय म्हणजे सांगता न येण्यासारखे.

फरक एका अक्षराचा आहे, पण त्याचा परिणाम मोठा आहे. 'अज्ञात' हा शब्द दार बंद असल्याचे सांगतो. 'अज्ञेय' हा शब्द तेथे दारच नसल्याचे सांगतो. बंद दार ठोठावता येते, किल्ली शोधता येते. जेथे दारच नाही तेथे कोणी हात उचलत नाही.

'अनाकलनीय' हा शब्द उजव्या बाजूचा आहे. त्याच्या जोडीचा 'अनाकलित' हा शब्द बनू शकतो, पण तो फारसा वापरात नाही. त्यामुळे जे केवळ अजून न कळलेले असते त्यालाही आपण सहज 'अनाकलनीय' म्हणून मोकळे होतो. अनेक चुकांची सुरुवात या घाईत असते.

भाषेच्या इतिहासातही असे घडले आहे. 'अदृष्ट' या शब्दाचा मूळ अर्थ 'न पाहिलेले' एवढाच. कालांतराने त्याला 'नशीब', 'प्रारब्ध' असा अर्थ आला. जे दिसले नाही ते जणू ललाटी लिहिलेलेच असणार, असा समज या अर्थबदलात डोकावतो.

पाठगत प्रश्न १
(अ) 'अनाकलनीय' या शब्दात 'अ'ऐवजी 'अन्' का आला आहे?
(आ) 'आकळणे' या क्रियापदाचा जुना अर्थ कोणता?
(इ) 'अकथित' आणि 'अकथनीय' यांतील फरक एका वाक्यात लिहा.

३. शब्दाचे आप्त

न कळण्याच्या अनुभवासाठी मराठीत अनेक शब्द आहेत. त्यांतील बरेच शब्द शरीराच्या किंवा निसर्गाच्या अनुभवातून आले आहेत.

'अगम्य' या शब्दात पाय आहेत. गम् म्हणजे जाणे. जेथे जाता येत नाही ते अगम्य. आधी तो दुर्गम ठिकाणासाठी, मग बुद्धीला न पोहोचता येणाऱ्या विषयासाठी वापरला जाऊ लागला. 'अगाध' आणि 'अथांग' यांत पाणी आहे. ज्या पाण्यात पाय टेकत नाहीत, तळ लागत नाही, ते अथांग. म्हणूनच 'त्याच्या मनाचा थांग लागत नाही' असे आपण म्हणतो. 'अगोचर' या शब्दात कुरण आहे. 'गोचर' म्हणजे मुळात गाई चरतात तो टापू. त्यावरून इंद्रियांच्या फिरण्याचा टापू असा अर्थ झाला. त्या टापूबाहेरचे ते अगोचर. 'गूढ' म्हणजे झाकलेले, लपवलेले. झाकण काढले की ते दिसू शकते. 'अतर्क्य' म्हणजे तर्काने न सुटणारे. 'अनिर्वचनीय' म्हणजे शब्दांत न सांगता येणारे. वेदान्तात मायेचे वर्णन करताना हा शब्द येतो.

या सर्वांहून 'दुर्बोध' आणि 'क्लिष्ट' हे शब्द वेगळे आहेत. 'दुर्' हा उपसर्ग अशक्यता सांगत नाही, तो कष्ट सांगतो. दुर्बोध म्हणजे कष्टाने कळणारे. क्लिष्ट म्हणजे गुंतागुंतीचे व त्रासदायक. परिश्रम केले किंवा लिहिणाऱ्याने सोपे लिहिले, तर हा दोष दूर होतो.

बोलीभाषेतही या अर्थाचे शब्दप्रयोग भरपूर आहेत : डोक्यावरून जाणे, डोक्यात न शिरणे, मती गुंग होणे, आवाक्याबाहेर असणे. औपचारिक लेखनात 'अनाकलनीय' शोभतो, तर घरगुती बोलण्यात 'काही उमगत नाही' हे अधिक स्वाभाविक वाटते.

४. न कळणारे वाटले, ते कळले

'अज्ञात' आणि 'अज्ञेय' यांतील अंतर इतिहासातील दोन उदाहरणांवरून स्पष्ट होईल.

पहिले उदाहरण लिपीचे. चौदाव्या शतकात दिल्लीचा सुलतान फिरोजशाह तुघलक याने टोपरा या गावातील, आजच्या हरियाणातील, एक प्रचंड दगडी स्तंभ दिल्लीला आणून उभा केला. स्तंभावर अक्षरे कोरलेली होती. ती वाचण्यासाठी विद्वानांना बोलावण्यात आले, परंतु कोणालाही ती वाचता आली नाहीत. सुलतान फिरोज येईपर्यंत हा स्तंभ कोणीही हलवू शकणार नाही असे त्यावर लिहिले आहे, असेही काहींनी सांगितल्याचे त्या काळचा इतिहासकार शम्स सिराज अफीफ याने नोंदवले आहे. वाचता येत नाही म्हटल्यावर कल्पनेला वाव मिळाला.

पुढे कोलकात्याच्या टांकसाळीत काम करणाऱ्या जेम्स प्रिन्सेप याने या लिपीचा ध्यास घेतला. सांची येथील स्तूपावरील अनेक लहान लेखांच्या शेवटी तीच अक्षरे येतात, हे त्याच्या लक्षात आले. स्तूपाला वस्तू अर्पण करणाऱ्यांचे हे लेख असावेत आणि शेवटचा शब्द 'दानं' असावा, असे अनुमान त्याने केले. या धाग्यावरून १८३७ मध्ये ब्राह्मी लिपीचा उलगडा झाला. दिल्लीच्या त्या स्तंभावर सम्राट अशोकाच्या प्राकृत भाषेतील आज्ञा निघाल्या. रस्त्यांच्या कडेला सावलीसाठी वड लावले, आंब्याची झाडे लावली, विहिरी खोदल्या, असा मजकूर त्यांत होता. शेकडो वर्षे जे गूढ वाटत होते, ते एका राजाने प्रजेला सांगितलेले साधे बोलणे होते. मुंबईजवळील सोपारा येथे १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांना अशोकाच्या लेखाचा तुकडा सापडला, तेव्हा तो ओळखता आला, कारण लिपी तोपर्यंत 'ज्ञात' झाली होती. सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवरील चिन्हे मात्र अजून सर्वमान्य रीतीने वाचता आलेली नाहीत. त्यांना 'अवाचित' म्हणणे योग्य होईल. 'अवाचनीय' म्हणणे घाईचे ठरेल.

दुसरे उदाहरण आजाराचे आहे आणि ते थेट माणसांच्या जिवाशी निगडित आहे. अंगावर फोड येऊन माणसे दगावत किंवा आंधळी होत, त्या रोगाचे मराठीतील नावच 'देवी' असे आहे. रोग का येतो, एकाला का होतो आणि दुसऱ्याला का होत नाही, हे कळत नसे. म्हणून तो देवीचा कोप मानला जाई. कोप मानला की शांत करणे एवढाच उपाय उरतो. कारणाचा शोध थांबतो.

इंग्लंडमध्ये १७९६ साली एडवर्ड जेन्नर याने गायीच्या सौम्य देवीची लस टोचून या रोगापासून संरक्षण मिळते, हे दाखवले. भारतात ही लस सर्वप्रथम जून १८०२ मध्ये मुंबईत एका तीन वर्षांच्या मुलीला टोचण्यात आली. त्या वेळी विषाणू म्हणजे काय, हे जगात कोणालाच ठाऊक नव्हते. रोगाचे संपूर्ण आकलन झालेले नसतानाही, जेवढे कळले होते तेवढ्याच्या आधारे माणसे वाचवता आली. मराठीत 'देवी काढणे' हा वाक्प्रचार लस टोचण्यासाठी रूढ झाला. भारतातील शेवटचा रुग्ण १९७५ मध्ये आढळला आणि ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य परिषदेने संपूर्ण जग देवीमुक्त झाल्याची घोषणा केली. 'देवी' हे नाव भाषेत राहिले, रोग गेला.

५. अर्धे कळलेले

काही गोष्टी पूर्णपणे कळलेल्या नसतात आणि पूर्णपणे अनाकलनीयही नसतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि त्या वेळचा उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, या जिल्ह्यांत किल्लारी परिसरात भूकंप झाला. हजारो माणसे झोपेतच मृत्युमुखी पडली. दख्खनचे पठार स्थिर समजले जात असल्यामुळे हा आघात अनेकांना अनाकलनीय वाटला.

या घटनेविषयी तीन प्रश्न वेगवेगळे करून पाहावेत. भूकंप का होतो? याचे उत्तर ठाऊक आहे : भारतीय भूपट्ट उत्तरेकडे रेटला जात आहे, त्यामुळे साचणारा ताण खडकांतील जुन्या कमकुवत जागी मोकळा होतो. भूकंप नेमका कोणत्या दिवशी, किती वाजता होईल? हे आजही कोणी सांगू शकत नाही. इतकी माणसे का दगावली? याचेही उत्तर ठाऊक आहे : मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरचे जड माळवद झोपलेल्या माणसांवर कोसळले.

तिन्ही प्रश्नांना एकत्र बांधून 'सारेच अनाकलनीय' असे म्हटले, तर तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर हातचे निसटते. घर कसे बांधावे हे आपल्या हाती आहे. न कळणाऱ्या भागाला न कळणारा म्हणावे, परंतु कळणारा भाग त्याच्या ओझ्याखाली दडपू देऊ नये.

६. वापरताना घ्यावयाची काळजी

(अ) 'मला' हा शब्द विसरू नये. मराठीत 'मला कळत नाही' असे म्हणतात. येथे कळणारी वस्तू कर्ता असते आणि माणूस चतुर्थीत येतो. त्यामुळे न कळणे कोणाच्या बाबतीत आहे, हे स्पष्ट होते. 'हे गणित मला कळले नाही' हे प्रामाणिक विधान आहे. 'हे गणित अनाकलनीय आहे' असे म्हटले की दोष गणितावर जातो आणि ते कोणालाच सुटणार नाही असे सूचित होते. शिकणाऱ्याने पहिले वाक्य वापरावे. त्यात 'अजून' हा शब्द घातला तर अधिक चांगले : 'हे गणित मला अजून कळले नाही.'

(आ) न सांगितलेल्या कारणाला अनाकलनीय म्हणू नये. वृत्तपत्रांत 'अनाकलनीय निर्णय' असा शब्दप्रयोग वारंवार आढळतो. बहुतेक वेळा ती सौम्य शब्दांतील टीका असते. निर्णय घेणाऱ्याने कारण दिलेले नाही, किंवा दिलेले कारण पटणारे नाही, असा त्याचा अर्थ असतो. वाचकाने येथे विचारावे : कारण नाहीच, की ते सांगितलेले नाही? न सांगितलेले कारण मागता येते.

(इ) दुर्बोध मजकुराला अनाकलनीय ठरवू नये. कर्जाचा करार, विम्याची अट, औषधाची चिठ्ठी यांची भाषा क्लिष्ट असू शकते. 'आपल्याला काय कळणार?' असे म्हणून सही करणारा माणूस त्या मजकुराला अनाकलनीय मानून बसतो आणि नुकसान त्याचेच होते. माणसानेच लिहिलेला मजकूर समजावून मागण्यात कमीपणा नाही.

(ई) हिंदी आणि मराठी यांतील फरक लक्षात ठेवावा. हिंदीत 'आकलन' हा शब्द मुख्यतः अंदाज किंवा मूल्यमापन या अर्थाने येतो : 'नुकसान का आकलन'. मराठीत त्याचा अर्थ समजणे असा आहे : 'उताऱ्याचे आकलन'. हिंदी भाषिक प्रदेशात राहणाऱ्या विद्यार्थ्यांनी या ठिकाणी विशेष लक्ष द्यावे. नुकसानीचा मराठीत 'अंदाज' घेतात, 'आकलन' करत नाहीत.

(उ) 'आकलनक्षम' आणि 'आकलनीय' यांत गोंधळ करू नये. आकलन करू शकणारी व्यक्ती किंवा बुद्धी आकलनक्षम असते. आकलन होऊ शकणारा विषय आकलनीय असतो.

७. शब्दाची खरी जागा

मग 'अनाकलनीय' हा शब्द वापरूच नये काय? तसे नाही. त्याची स्वतःची जागा आहे आणि तेथे दुसरा शब्द चालत नाही.

जवळच्या माणसाच्या मृत्यूचे वैद्यकीय कारण कागदावर लिहिलेले असते. ते वाचून डॉक्टरांचा प्रश्न सुटतो. आईचा सुटत नाही. 'माझ्याच वाट्याला हे का?' या प्रश्नाला माहितीने उत्तर मिळत नाही. अशा वेळी 'हे अनाकलनीय आहे' असे म्हणणे म्हणजे समोरच्याच्या दुःखावर घाईने स्पष्टीकरण न लादणे होय. संतांनी आणि तत्त्वज्ञांनीही परमतत्त्वासाठी अगम्य, अगोचर, अचिंत्य असे शब्द योजले आहेत. ईश्वर आहे की नाही हे जाणता येत नाही, असे मानणाऱ्या विचाराला 'अज्ञेयवाद' असे नाव आहे. श्रद्धावान आणि साशंक असे दोघेही बुद्धीची मर्यादा सांगताना एकाच कुळातील शब्दांकडे वळतात.

मराठीत एक म्हण आहे : 'देवाची करणी आणि नारळात पाणी.' इतक्या उंचावर, इतक्या कठीण कवचाच्या आत गोड पाणी कोठून आले, याचे आश्चर्य तीत भरले आहे. वनस्पतिशास्त्र सांगते की मुळांनी शोषलेले पाणी झाडातील वाहिन्यांतून वर चढते, फळात बीजाच्या पोषणासाठी साठते आणि त्यातूनच पुढे खोबरे तयार होते. हे उत्तर कळल्यावर म्हण खोटी पडत नाही. नारळ फोडताना वाटणारे नवल तसेच राहते; किंबहुना एका बीजासाठी झाडाने केलेली तजवीज पाहून ते वाढते. नवल वाटण्यासाठी अज्ञान आवश्यक नसते.

म्हणून 'अनाकलनीय' हा शब्द लिहिण्यापूर्वी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. ही गोष्ट कोणालाच कळलेली नाही, की फक्त मला कळलेली नाही? ती कधीच कळणार नाही, की अजून कळलेली नाही? ती लपवलेली आहे काय? या प्रश्नांनंतरही जे उरते, त्याला हा शब्द निःशंकपणे द्यावा. तेथे तो शोभतो.

पाठगत प्रश्न २
(अ) दिल्लीच्या स्तंभावरील लेखात कोणता मजकूर निघाला?
(आ) किल्लारीच्या भूकंपासंबंधी कोणत्या प्रश्नाचे उत्तर आजही देता येत नाही?
(इ) योग्य शब्द निवडा : कराराची भाषा फार (दुर्बोध / अनिर्वचनीय) होती.

तुम्ही काय शिकलात?
• आकलन म्हणजे बुद्धीने धरणे. अनाकलनीय म्हणजे बुद्धीने धरता न येण्यासारखे.
• 'त' प्रत्यय घडले-न घडलेले सांगतो. 'य' आणि 'अनीय' प्रत्यय शक्य-अशक्य सांगतात.
• अनेक 'अज्ञेय' वाटणाऱ्या गोष्टी केवळ 'अज्ञात' होत्या.
• दुर्बोध, गूढ आणि अनाकलनीय हे शब्द एकमेकांऐवजी वापरता येत नाहीत.

स्वाध्याय
१. अगम्य, अथांग, गूढ आणि क्लिष्ट या शब्दांचा प्रत्येकी एका वाक्यात उपयोग करा.
२. 'नवल वाटण्यासाठी अज्ञान आवश्यक नसते.' या विधानाचा अर्थ पाच-सहा ओळींत स्पष्ट करा.
३. तुम्हाला पूर्वी मुळीच न कळणारी वाटलेली आणि नंतर कळलेली एखादी गोष्ट आठवा. ती कशामुळे कळली, ते दहा ओळींत लिहा.
४. तुमच्या परिसरात बोलल्या जाणाऱ्या दुसऱ्या एखाद्या भाषेत 'कळत नाही' या अर्थाचे कोणते वाक्प्रचार आहेत? त्यांची मराठीतील वाक्प्रचारांशी तुलना करा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे
१. (अ) 'आकलनीय' हा शब्द स्वराने सुरू होतो म्हणून. (आ) धरणे, आवरणे, ताब्यात आणणे. (इ) अकथित म्हणजे न सांगितलेले, तर अकथनीय म्हणजे सांगता न येण्यासारखे.
२. (अ) सम्राट अशोकाच्या आज्ञा. झाडे लावल्याचा व विहिरी खोदल्याचा उल्लेख. (आ) भूकंप नेमका केव्हा होईल, या प्रश्नाचे. (इ) दुर्बोध.